भाकरीचा हिशेब: प्रौढांना धंदा शिकवायचा, तर सुरुवात कुठून करायची?

येळवस | रविवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक ग्रामीण शाखांत. निवृत्त झाल्यावर अक्कलकोटजवळ गावीच राहायला आलो. गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी समाजमंदिरात गावातल्या बायकांना हिशेब शिकवतो. त्यातून काही गोष्टी माझ्या लक्षात आल्या आणि काहींची उत्तरं अजून सापडलेली नाहीत, म्हणून हा धागा.

सुरुवातीला मी फार मोठी चूक केली. जमाखर्चाचे रकाने छापून नेले. जमा बाजू, नावे बाजू, आरंभीची शिल्लक. पहिल्या रविवारी २६ जणी होत्या, चौथ्या रविवारी ७ उरल्या. मला वाटलं, यांना गरज नाही. मग त्या सातांपैकी एकजण म्हणाली, "साहेब, हे तुमच्या बँकेचं झालं. माझ्या भाकरीचं सांगा की."

ती आणि तिची जाऊ मिळून कडक भाकरी करतात. सोलापूरकडच्यांना सांगायला नको. पातळ थापायची, भाजून कडक करायची, महिनाभर टिकते. एक व्यापारी दर चार दिवसांनी येऊन माल उचलायचा, नगाला ७ रुपये. आम्ही फळ्यावर मांडलं. १० किलो ज्वारी ४८० रुपये, दळण ६०, जळण ९०, पिशव्या आणि रिक्षा ४०. एकूण ६७०. त्यात १३० भाकरी होतात. आले ९१० रुपये, उरले २४०. दोघींचा अख्खा दिवस, म्हणजे एकीला १२०. खुरपायला गेलं तर आमच्याकडे बाईला ३०० मिळतात.

खोलीत एकदम शांतता झाली. मग ती म्हणाली, "म्हंजी मी माझ्या घरात बसून स्वतःलाच कमी पगारावर ठेवलंय."

ते वाक्य ऐकल्यावर मी छापील रकाने बंद केले. पुढच्या महिन्यात दोघींनी आठवड्यातून दोन दिवस बाजारात स्वतः बसायचं ठरवलं, १० रुपये नग. त्याच १३० भाकरींचे १३००, खर्च वजा जाता ६३०, एकीला ३१५. सगळा माल असा खपत नाही, बाजाराचा दिवसही मोडतो, हे खरं. पण व्यापाऱ्याशी बोलताना आता तिच्याकडे आकडा असतो. तिने त्याच्याकडून साडेआठ रुपये घेतले. मी तिच्यासोबत गेलो नव्हतो.

दुसरं उदाहरण दुःखाचं आहे. नोकरीत असताना एका गावात दहा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण झालं. कुणी घेतलं ते सांगत नाही. ३० बायकांना अगरबत्ती वळायला शिकवलं, जेवण दिलं, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढले. कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावर आल्या. एका गावात अगरबत्तीचे ३० कारखाने! घेणार कोण? वर्षभरात बहुतेक खाती थकली. त्या बायकांच्या दारात वसुलीला मी गेलो होतो. त्यांचा दोष नव्हता, आणि तरी मान खाली घालून त्याच उभ्या होत्या. ते अजून विसरलो नाही.

म्हणून विचारतो. प्रौढ माणसाला, विशेषतः शाळा लवकर सुटलेल्या बाईला, धंद्याचं शिक्षण द्यायचं तर आधी काय शिकवावं? अक्षर, हिशेब की कौशल्य? आणि वर्ग संपल्यावर किती दिवस मागे राहावं? ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांच्या घरात घडलंय, त्यांनी लिहावं.

---

रानजाई | रविवार, रात्री १०:४५

काका, डोळ्यांत पाणी आलं. मी सातारा जिल्ह्यात बचत गटांसोबत १४ वर्षं काम करते आहे. हिशेब आधी, हे मान्य. पण अक्षराला मागे टाकू नका.

आमच्या भागातली म्हसवडची गोष्ट आठवा. चेतना सिन्हांनी माणदेशातल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर. बायकांनीच म्हटलं, मग शिकवा आम्हाला. काही महिने वर्ग चालले. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुम्ही यंत्रावर करा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे त्यांनी बायकांसाठी धंद्याची शाळा काढली आणि ती बसमधून गावोगाव फिरवली, कारण बाई तालुक्याला येऊ शकत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

ही गोष्ट लोक "तोंडी हिशेब येतो, मग अक्षर कशाला" अशी सांगतात. पण त्या बायका आधी वर्गात बसल्या होत्या, हे विसरतात. माझ्या गटातल्या एकीने न वाचता तीन कर्जांच्या कागदांवर सही केली. तिला बेरीज उत्तम येते. कागदावर काय लिहिलंय ते येत नव्हतं.

---

बार्शीकर | सोमवार, सकाळी ७:१०

मत वेगळं आहे, राग नसावा. शिकवून गरिबी जात नाही. गरिबाला धंदा येत नाही हे गृहीतच मला पटत नाही. माझे वडील हातगाडीवर केळी विकायचे. कुठली केळी किती दिवसांत पिकेल, कुणाला उधार द्यायचं, कुणाला नाही, हे त्यांना कुठल्याही पदवीधरापेक्षा जास्त कळायचं. त्यांच्याकडे नव्हतं ते भांडवल. सकाळी ५०० रुपये घ्यायचे, संध्याकाळी ५५० परत करायचे. दिवसाला दहा टक्के. ह्यावर कुठला वर्ग घेणार? प्रशिक्षणावर खर्च होतो तो पैसा थेट हातात द्या.

---

तिफण | सोमवार, सकाळी ११:३०

बार्शीकर, तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंत ते मनापासून पटलं. मी विकासाच्या अर्थशास्त्रात संशोधन करते. ह्या विषयावर जगभर काटेकोर तुलना झाल्या आहेत: एका गटाला प्रशिक्षण, दुसऱ्याला नाही, आणि मग काही वर्षांनी कमाई मोजायची. त्यांचा एकूण कल तुमच्या बाजूला बराच झुकतो. नेहमीचं वर्गातलं व्यवसाय प्रशिक्षण दिलं की सरासरी फायदा थोडाच होतो.

पण "काय शिकवलं" ह्याने फार फरक पडतो. तीन उदाहरणं देते, कारण काकांच्या प्रश्नाशी त्यांचा सरळ संबंध आहे.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या दुकानदारांच्या एका गटाला रीतसर लेखापालन शिकवलं, दुसऱ्याला फक्त सोपे ठोकताळे. त्यातला एक ठोकताळा असा: धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा. ठोकताळेवाल्यांचा कारभार सुधारला, लेखापालनवाल्यांमध्ये म्हणावा असा बदल दिसला नाही. काकांचे छापील रकाने तिथेही हरले.

टोगो देशात राजधानी लोमे इथे १५०० छोट्या उद्योजकांवर असाच प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा अभ्यासक्रम. दुसऱ्याला पुढाकार घेण्याचं शिक्षण: शेजारच्यापेक्षा वेगळं काय देता येईल, अडचण येण्याआधी ती कशी ओळखायची, नकार मिळाला तर पुढे काय. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्याचा ११ टक्क्यांच्या आसपास, आणि तो योगायोग नाही असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पक्का नव्हता.

तिसरं आपल्या जवळचं. अहमदाबादला 'सेवा' ह्या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या बँकेतल्या सभासद बायकांना दोन दिवसांचं मार्गदर्शन दिलं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना सांगितलं, मैत्रिणीला घेऊन या. मैत्रिणीसोबत आलेल्या बायकांनी धंद्यासाठी जास्त कर्ज उचललं, त्यांच्या घरची मिळकतही पुढे जास्त दिसली. एकट्या आलेल्यांत तसा बदल जवळपास नव्हता. ज्या घरांत बाईच्या फिरण्या-बोलण्यावर जास्त बंधनं, तिथे मैत्रिणीचा उपयोग जास्त झाला.

---

येळवस | सोमवार, दुपारी १२:०५

तिफणताई, हे वाचून मी उठून उभा राहिलो. माझ्याकडे टिकलेल्या सात जणी कोण, हे आत्ता मोजलं. दोन जावा. एक सासू-सून. दोन शेजारणी. आणि एकच अशी जी एकटी यायची, तीही पुढे बंद झाली. दोन वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

येत्या रविवारपासून "जोडीने या" असंच सांगणार.

---

गिरणगाव६२ | सोमवार, रात्री ९:१५

लालबागला आमच्या आजीची खाणावळ होती. चौदा-पंधरा गिरणी कामगार दोन्ही वेळ जेवायचे. आजीला अक्षर ओळखता येत नसे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक माणसासाठी एक खूण होती: मासा, टोपी, पणती. खुणेखाली कोळशाच्या रेघा, जेवणाला एक. महिन्याच्या पगाराला भिंत पुसली जायची. एकदा दिवाळीला घरमालकाने न विचारता चुना मारला आणि आजी दोन दिवस जेवली नाही. पूर्ण महिन्याची उधारी गेली होती.

म्हणून बार्शीकर म्हणतात ते खरं आणि रानजाई म्हणतात तेही खरं. हिशेब तिला येत होता, तो टिकवायची जागा नव्हती.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते ह्याच खाणावळवाल्या बायकांसाठी. वाण्याकडून उधारीवर महाग धान्य आणि सावकाराचं व्याज, ह्यात त्या अडकलेल्या. प्रेमाताईंनी त्यांना गटाने राष्ट्रीयीकृत बँकेसमोर उभं केलं. आजी सांगायची, बँकेत पहिल्यांदा गेले तेव्हा चप्पल बाहेर काढली होती. कुणीतरी सोबत होतं म्हणून आत गेले. शिक्षण म्हणाल तर हे. काउंटरवर काय बोलायचं, कुठला कागद मागायचा, "उद्या या" म्हटल्यावर "का?" विचारायचं.

---

मुसीकाठ | मंगळवार, सकाळी ८:४०

हैदराबादला तीस वर्षं राहतो. इथली एक गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहीम जोरात होती. रात्री बायकांचे वर्ग चालायचे. वाचनाच्या पुस्तकात दारूमुळे घर बसल्याचा धडा होता. दुबगुंटा गावात तो वाचताना बायका म्हणाल्या, ही तर आमचीच गोष्ट. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी गावातली ताडी-अर्काची (अर्क म्हणजे स्वस्त गावठी दारू) दुकानं बंद पाडली. १९९२ पर्यंत आंदोलन राज्यभर पसरलं आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्रात अर्क विक्री बंद झाली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच बायकांनी विचारलं, वाचलेल्या पैशाचं काय? त्यातून रोज एक रुपया बाजूला टाकायचे बचत गट उभे राहिले, 'पोदुपु लक्ष्मी' नावाने (पोदुपु म्हणजे तेलुगूत बचत). पुढे आंध्रात बचत गटांचं जे मोठं जाळं झालं, त्याच्या मुळाशी ही बचत आहे. अक्षराच्या वर्गाला आलेल्या बायका दारूविरुद्ध लढल्या आणि तिथून बचतीकडे वळल्या. हे कुणी अभ्यासक्रमात आखलं नव्हतं. रात्री एकत्र बसायला एक मान्य कारण मिळालं, एवढं त्या वर्गाने आधी दिलं.

---

बार्शीकर | मंगळवार, सकाळी ९:३०

मुसीकाठ, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. तरी विचारतो, एक रुपया वाचवून जो पैसा झाला तो कर्ज म्हणून फिरला, म्हणजे भांडवलच ना शेवटी?

---

येळवस | मंगळवार, दुपारी ३:५०

बार्शीकर, भांडवल लागतंच. पण भांडवलाची किंमत ओळखणं हे शिक्षणच आहे, आणि बँकेत माझी हयात गेली म्हणून ह्यावर अधिकाराने बोलतो.

आमच्या गावात बचत गट आपल्या सभासदांना दोन रुपये शेकड्याने (महिन्याला शंभरावर दोन रुपये व्याज) देतो. बाहेरून येणारा एकजण म्हणतो, "आमचा रुपया शेकडा, निम्माच!" बायका तिकडे वळल्या. मी फळ्यावर मांडलं. २० हजार घेतले, १२ महिन्यांत फेडायचे. त्याचं रुपया शेकडा हे फ्लॅट आहे, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज पूर्ण २० हजारांवरच. वर्षाचे २४०० झाले. गटाचं दोन रुपये शेकडा उरलेल्या मुद्दलावर, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होतं. बारा महिन्यांचं व्याज होतं २६००.

निम्मा म्हणवणारा दर २०० रुपयांनीच स्वस्त निघाला. पहिल्याच दिवशी प्रक्रिया शुल्क आणि विम्याचे पैसे कापून घेतले की तो महागच. शिवाय गटाचं व्याज गटाच्या पेटीत राहतं, वर्षाअखेर वाटून घरी येतं.

हे मांडायला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी एक साठीची बाई उभी राहिली आणि तिने हेच गणित ५ हजारांवर करून दाखवलं. बोटांवर.

---

अंजली_डेन्मार्क | मंगळवार, रात्री ११:२०

बारा वर्षं डेन्मार्कमध्ये ऑरहूसला आहे. इथल्या लोकशाळा पाहून आपल्याकडची आठवण येते म्हणून लिहितेय.

पहिली लोकशाळा १८४४ मध्ये रोडिंग गावी निघाली, धर्मगुरू आणि कवी ग्रुंटविग यांच्या विचारातून. शेतकऱ्यांची प्रौढ मुलं हिवाळ्यात शेतं बर्फाखाली असताना तिथे येऊन राहायची. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. इतिहास, गाणी, भाषा, चर्चा. धंद्याचं शिक्षण त्यात कमीच. पुढे १८७०च्या दशकानंतर परदेशी स्वस्त धान्याने बाजारभाव पडले, तेव्हा हेच शेतकरी धान्य सोडून दूध-लोण्याकडे वळले. १८८२ मध्ये हेडिंग इथे पहिली सहकारी डेअरी निघाली आणि काही वर्षांत देशभर शेकडो झाल्या. प्रत्येक सभासदाला एक मत, गाई कितीही असोत. ह्या डेअऱ्या चालवणाऱ्यांत लोकशाळांतून आलेले पुष्कळ होते. सभा कशी चालवायची, वाद कसा घालायचा, एकमेकांवर विश्वास कसा ठेवायचा, हे ते तिथे शिकले असं इथले लोक मानतात.

आपल्याकडे ज्योतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, म्हणजे जवळपास तोच काळ. तो धागा पुढे तेवढाच भक्कम विणला गेला असता तर, असं इथे बसून फार वाटतं.

---

हुरडा | बुधवार, सकाळी १०:००

मी स्वतः शेंगदाणा चटणी करून विकते, सहा वर्षं झाली. सगळे वर लिहितात ते छान, पण काकांच्या भाकरीवाल्या ताईंसाठी कामाचं सांगते.

खाद्यपदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. मी केली तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. माझ्याकडून एका दलालाने त्याचे २५०० घेतले होते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) तर फुकट आहे, तिचेही लोक पैसे घेतात. वर्गात एक तास फक्त ह्यावर घ्या, फॉर्म स्वतः भरायला लावा. माझे ते २५०० म्हणजे तेव्हा दोन आठवड्यांचा नफा होता.

छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्ये आली, तिच्यात यंत्रासाठी ३५ टक्के अनुदान होतं, कमाल १० लाख. गटातल्या सभासदांना भांडवलासाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत तरतूद होती. मात्र काका, आधी मागणी बघा, मग यंत्र घ्या. माझ्या ओळखीच्या एकीच्या घरी अनुदानाचं यंत्र झाकून ठेवलंय आणि त्यावर हप्ता चालू आहे.

आणि घरचा-धंद्याचा पैसा वेगळा, हे सगळ्यात अवघड. मी दोन डबे केले होते. मुलाची फी आली की धंद्याच्या डब्यात हात जायचा. शेवटी तो डबा आईकडे ठेवला, दोन गल्ल्या पलीकडे. पैसे हवे असतील तर चालत जावं लागायचं. तेवढ्याने वाचले.

---

रानजाई | बुधवार, दुपारी १:२५

हुरडाताई, आईकडचा डबा ही युक्ती उद्याच्या बैठकीत सांगणार आहे.

काकांचा दुसरा प्रश्न राहून गेला, वर्ग संपल्यावर किती दिवस मागे राहायचं. माझा अनुभव: किमान एक दिवाळी आणि एक पावसाळा पाहिला पाहिजे. दिवाळीत माल खपतो आणि बाईला वाटतं आपण जिंकलो. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, बाजारात गिऱ्हाईक येत नाही, घरात आजारपण येतं आणि भांडवल मोडून खाल्लं जातं. बहुतेक धंदे तिथे बुडतात. आणि त्या वेळी प्रशिक्षण देणारं कुणीही नसतं.

---

तिफण | बुधवार, सायंकाळी ६:४०

रानजाई, तुमच्या ह्या मुद्द्याला मोठा आधार आहे. १९८२ मध्ये कर्नाटकात उजिरे इथे धर्मस्थळच्या वीरेंद्र हेग्गडेंच्या पुढाकाराने दोन बँकांना सोबत घेऊन ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाली. आज जिल्ह्याजिल्ह्यांत अग्रणी बँकेची जी तशी संस्था असते, तिचा साचा तोच. त्यात प्रशिक्षण थोड्या दिवसांचं, पाठपुरावा दोन वर्षांचा, अशी मूळ कल्पना आहे. मी पाहिलेल्या गावांत लोकांना थोडे दिवस तेवढे आठवतात.

आणि बार्शीकर, तुमचा भांडवलाचा प्रश्न. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२ पासून अत्यंत गरीब घरांसाठी एक पद्धत बसवली. एक जनावर किंवा छोटा माल फुकट द्यायचा, तो मोडून खावा लागू नये म्हणून काही महिने खर्चाला थोडी रक्कम, बचतीची सोय, प्रशिक्षण, आणि दीड-दोन वर्षं वारंवार घरी भेट. सहा देशांत ती तपासली. आपल्याकडे बंधन संस्थेने पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादला केली. तिथल्या घरांची मिळकत दहा वर्षांनीही न मिळालेल्यांपेक्षा जास्त होती. सगळं एकत्र दिलं होतं. तुम्ही आणि काका जे दोन टोकांनी ओढताय, ते तिथे एकाच पिशवीत होतं.

---

बार्शीकर | बुधवार, रात्री ८:१०

हे पटलं. "मोडून खावं लागू नये म्हणून खर्चाला रक्कम" हे ज्याने सुचवलं त्याने गरिबी जवळून पाहिली असणार. वडिलांची गाडी दोनदा गेली, दोन्ही वेळा दवाखान्यामुळे.

काका, तुमच्या वर्गाला जोडीने येणाऱ्यांसाठी वह्या आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडून. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

---

मोगरा | बुधवार, रात्री १०:३०

पहिल्यांदाच लिहितेय. आई मिरजेला घरून पुरणपोळ्या करून देते, ५४ वर्षांची आहे, सातवी शिकलेली. काल रात्री हा धागा फोनवर तिला वाचून दाखवला. भाकरीचा हिशेब आला तिथे तिने थांबवलं आणि परत वाचायला सांगितला. मग बराच वेळ गप्प होती. म्हणाली, "मी माझी मजुरी कधीच धरली नाही गं. तूप, गूळ, डाळ, गॅस, एवढंच धरते."

येळवस काका, ती विचारते, सणाच्या दिवशी पहाटे तीनला उठून केलेल्या पोळीला वेगळा भाव लावला तर चालेल का? लोक काय म्हणतील ह्याची तिला काळजी आहे.

---

येळवस | बुधवार, रात्री १०:५५

ताईंना माझा नमस्कार सांगा. भाव लावायला हरकत नाही, पण आधी एवढं मोजायला सांगा: एक किलो डाळीच्या पोळ्या किती, त्याला गूळ, कणीक, तूप किती, सिलिंडर किती पोळ्यांना पुरतो, आणि पहिली डाळ शिजायला टाकल्यापासून शेवटची पोळी उतरेपर्यंत किती तास. तास घड्याळ बघून लिहायचे, अंदाजाने नाही. जमल्यास शेजारणीला सोबत बसवा.

---

मोगरा | बुधवार, रात्री ११:२०

किलोला २५ पोळ्या, हे तोंडपाठ आहे म्हणे. बाकीचं उद्या मोजणार. माझ्या जुन्या डायरीची मागची कोरी पानं काढून बसली आहे, आणि समोरच्या सुमनमावशींना सकाळी सातला बोलावलंय.